आधी श्वास, मग तरंगणे, मग पोहणे

म्हशीच्या रेडकाला पोहायला कोणी शिकवत नाही. आईमागोमाग ते तळ्यात उतरते, पाय टेकेनासे झाले तरी चालल्यासारखे पाय हलवत राहते आणि नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवून पलीकडचा काठ गाठते. कुत्र्याचे पिल्लूही तसेच करते. माणसाचे मूल मात्र खोल पाण्यात पडले की गटांगळ्या खाते. आकाराच्या मानाने त्याचे शरीर रेडकापेक्षा काही जड नसते. मग असे का व्हावे?

उत्तर शरीराच्या ठेवणीत आहे. चार पायांच्या प्राण्याचे धड पाण्यात आडवेच राहते आणि नाक धडाच्या पुढच्या टोकाला, वरच्या बाजूला असते. जमिनीवरची चाल हीच त्याची पाण्यातली पोहणी. माणूस उभा चालतो. तो पाण्यात पालथा झाला की नाकतोंड खाली जाते आणि उभा राहिला तर चालल्यासारखे पाय हलवून वर येत नाही. म्हणून पाण्यात काय करायचे ते माणसाला शिकावे लागते आणि ते शिकण्याला एक क्रम आहे. आधी श्वास, मग तरंगणे, मग वळून काठ गाठणे आणि सगळ्यात शेवटी हातपाय मारणे. आपण बहुतेकदा सुरुवातच हातपाय मारण्यापासून करतो. मुले पाण्याला घाबरतात किंवा पोहता येत असूनही संकटात सापडतात, त्यामागे बऱ्याचदा हा उलटा क्रम असतो.

शरीर तरंगते, पण किती?

पाण्यात शिरलेली कोणतीही वस्तू थोडे पाणी बाजूला सारते. जेवढे पाणी सारले जाते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी त्या वस्तूला वर ढकलते. आर्किमिडीजने हा नियम दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. माणसाच्या शरीरात मोठा भाग पाण्याचाच असल्याने आकारमानाच्या हिशेबाने आपले वजन जवळपास पाण्याइतकेच भरते. हाडे आणि स्नायू पाण्याहून थोडे जड, चरबी थोडी हलकी. तरंगायचे की बुडायचे, हे शेवटी फुप्फुसांतली हवा ठरवते. छाती भरून श्वास घेतला की बहुतेक माणसे तरंगतात आणि श्वास पूर्ण सोडला की हळूहळू खाली जातात.

तरंगतानाही शरीराचा फार थोडा भाग पाण्याबाहेर राहतो. शंभरातले दोन-चार भाग, त्याहून जास्त नाही. एवढ्यात चेहरा मावतो, अख्खे डोके मावत नाही. घाबरलेले मूल मदतीसाठी हात वर करते, तेव्हा तोंडाच्या वाट्याची जागा हातांनी घेतलेली असते. हात जितके वर जातील, तितके तोंड खाली जाणार. म्हणून पाण्यातला पहिला नियम असा: हात पाण्यात, कान पाण्यात, तोंड आकाशाकडे.

दुसरी गोष्ट वजनाच्या वाटणीची. हवा छातीत असते, त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर मुख्यतः छातीपाशी लागतो. पाण्यात आडवे झालेले शरीर म्हणजे एक तराजू, त्याची दांडी छातीपाशी धरलेली, एका पारड्यात डोके आणि दुसऱ्यात पाय. मूल ‘आई कुठे आहे’ हे बघायला डोके उचलते, त्याच क्षणी पाय खाली जातात आणि शरीर उभे होऊन बुडू लागते. डोके पाण्यावर मागे टेकवून ठेवले की पाय आपोआप वर येतात.

लहान मुलांत डोक्याचे पारडे आणखी जड असते. मोठ्या माणसाचे डोके उंचीच्या सातव्या-आठव्या भागाइतके, तर नवजात बाळाचे चौथ्या भागाइतके असते. रांगणारे किंवा नुकते चालायला लागलेले मूल बादलीत डोकावते, तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला स्वतःला उचलून बाहेर काढता येत नाही. बादलीत चार बोटे पाणी असले तरी तेवढे पुरेसे ठरते.

पाण्यात उतरताच धाप का लागते?

मूल गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले की बाहेरचे पाणी छातीला चहूबाजूंनी दाबत असते. श्वास आत घेताना छातीला हा दाब सारून फुगावे लागते. त्यात पाणी गार असेल तर अंगाला लागताच श्वास एकदम आत ओढला जातो. मुलाला वाटते, आपला जीव घुसमटतोय. त्याची ही तक्रार खरी असते. ‘काही होत नाही, घाबरतोस काय’ असे म्हणण्याऐवजी ‘पाणी छातीला दाबतंय ना, हळूहळू श्वास घे’ असे सांगितले की ते निवळते.

नाकात पाणी गेल्यावर झोंबते, कारण नाकातल्या ओलाव्यात मीठ असते आणि तळ्यातल्या किंवा नळाच्या पाण्यात ते फारसे नसते. यावरचा उपाय सोपा आहे. नाकातून हवा बाहेर येत असली की पाणी आत शिरत नाही. म्हणून मुलाला तोंड पाण्यात घालून ‘हंऽऽऽ’ असा गुणगुणल्यासारखा आवाज काढायला शिकवावे. ओठ मिटून गुणगुणले की हवा आपसूक नाकातूनच बाहेर पडते आणि बुडबुडे दिसतात. मुलांना हा खेळ आवडतो आणि पोहण्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम त्यातूनच अंगवळणी पडतो: श्वास पाण्याबाहेर घ्यायचा, पाण्यात सोडायचा.

श्वास कोंडून धरण्याबद्दल मोठ्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू कमी पडतोय हे शरीराला तितक्या ठळकपणे कळत नाही. ‘कोण जास्त वेळ बुडी मारून राहतो’ अशी पैज लावून मुले आधी भराभर श्वास घेतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि त्याआधीच प्राणवायू कमी पडून मूल पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकते. चांगली पोहणारी मुलेही यात दगावतात. ही पैज कुठेच, कधीच लावू देऊ नये.

भीती घालवायची कशी?

पोराला विहिरीत ढकलून द्यायचे आणि मग स्वतः उडी मारून वर काढायचे, ही पद्धत गावोगावी चालत आली आहे. त्यातून काही जण शिकले, ते अभिमानाने सांगतात. जे शिकले नाहीत ते जन्मभर पाण्यापासून दूर राहिले. असे का होते ते आता लक्षात येईल. अचानक पाण्यात पडलेले मूल दचकून श्वास आत ओढते, नाकातोंडात पाणी जाते, ते डोके आणि हात वर काढायला बघते आणि त्यानेच आणखी खाली जाते. पाणी म्हणजे घुसमट, एवढेच त्याच्या मनात पक्के बसते. एकदा बसलेली धास्ती मोडायला मग कितीतरी चांगले अनुभव लागतात.

मुलाचा पाण्यावर विश्वास बसण्याआधी त्याचा तुमच्यावर विश्वास बसलेला असावा लागतो. ‘सोडणार नाही’ म्हणून सोडून देणे हा या विश्वासाला लावलेला सुरुंग आहे. सोडणार असाल तर सांगून सोडा, तीन आकडे मोजेपर्यंतच सोडा आणि तिसऱ्या आकड्याला नक्की धरा. पुढच्या वेळी मूलच म्हणेल, ‘पाच मोज.’

वयाबद्दल थोडेसे. काही महिन्यांच्या बाळाला पाण्यात धरले की ते हातपाय हलवते आणि क्षणभर श्वासही रोखते. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पोहणे नाही, आणि ती पुढे मावळते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते एक वर्षाखालच्या बाळाला शिकवण्याने बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. वर्षानंतर बऱ्याच मुलांना पाण्याची ओळख करून देता येते आणि चार वर्षांपासून बहुतेक सगळी मुले पद्धतशीर शिकू शकतात. फिट येणाऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारूनच पाण्यात न्यावे.

पायरीपायरीने

*न्हाणीघरात.* ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिनाला कपाळावरून तांब्याभर पाणी ओतावे. न सांगता कधीच ओतू नये. डोळे लगेच टॉवेलने पुसू नयेत, मुलाला पापण्या मिटून-उघडून पाणी झटकू द्यावे. काही दिवसांनी तांब्या त्याच्याच हातात द्यावा.

*काठाशी.* तलावाच्या उथळ बाजूला काठ धरून, एकामागून एक हात सरकवत मुलाने पुढे जायला शिकावे. मग बाहेर चढणे: कोपर, दुसरे कोपर, पोट, गुडघा, दुसरा गुडघा. शिडीशिवाय बाहेर पडता येणे ही जीव वाचवणारी गोष्ट आहे, म्हणून ती पोहण्याच्या आधी शिकवावी.

*उताणे तरंगणे.* सुरुवातीला मुलाचे डोके तुमच्या खांद्यावर असू द्या, मग मानेखाली तळवा, मग नुसती दोन बोटे. तुम्ही मुलाच्या डोक्याच्या बाजूला उभे राहा आणि त्याच्या चेहऱ्यावर वाका. पायांकडे उभे राहिलात तर तुम्हाला बघायला ते डोके उचलेल आणि पाय बुडतील. कान पाण्यात गेले की आवाज बदलतो, त्याने मुले दचकतात. तसे होणार हे आधीच सांगून ठेवावे.

*तरंगण्यातून उभे राहणे.* ही पायरी सर्रास गाळली जाते. हनुवटी छातीकडे आणायची, गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचे आणि पाय टेकवायचे. पुष्कळ मुलांना तरंगण्याची भीती नसते, त्यातून बाहेर कसे यायचे ते ठाऊक नसते म्हणून ती तुमचा गळा सोडत नाहीत.

*उडी, वळण, काठ.* काठावरून पाण्यात उडी, पृष्ठभागावर येणे, मागे वळणे, काठ पकडणे. लहान मूल घसरून पडते तेव्हा काठ सहसा त्याच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर असतो आणि ते समोर खोल पाण्याकडे हातपाय मारत राहते. वळायची सवय असेल तर ते दोन हातांत काठाला लागते.

यानंतर पाय मारणे, हात मारणे आणि बाकीचे प्रकार प्रशिक्षकाने शिकवावेत. अमेरिकन रेड क्रॉस पाण्यातल्या किमान तयारीत पाच गोष्टी धरते: डोक्यावरून पाणी जाईल एवढ्या खोलीत उतरून वर येणे, १ मिनिट तरंगणे किंवा जागेवर राहणे, पूर्ण वळून बाहेर पडायची जागा शोधणे, सुमारे २३ मीटर जाणे आणि शिडीशिवाय बाहेर येणे. मुलाची प्रगती किती प्रकार येतात यावर न मोजता या पाच गोष्टींवर मोजावी. जमू लागल्यावर एकदा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रोजच्या कपड्यांत पाण्यात उतरवावे, कारण अपघात पोहण्याच्या पोशाखात होत नाही.

लहान मुलाला एका वेळी वीस-तीस मिनिटे पुरतात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते आणि लहान अंग लवकर गार पडते. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की त्या दिवशीचे पोहणे संपले.

बिंडा, डबा आणि फुगवायच्या बाह्या

पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या ओंडक्यांचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या. या साधनांत एक गुण होता. ती पाठीवर असल्याने धड आडवे राहायचे, हात-पाय मोकळे राहायचे आणि ओंडके हळूहळू कमी करत नेता यायचे. आज मिळणाऱ्या दंडात घालायच्या फुगीर बाह्या मुलाला पाण्यात उभे टांगून ठेवतात. बुडताना शरीर ज्या अवस्थेत असते, नेमकी तीच ही अवस्था. शिवाय बाही निसटते, हवा जाते आणि ‘मला येते’ या समजुतीत मूल बाहीशिवायही उडी मारते. पाठीवरचे किंवा कमरेचे साधन शिकण्यापुरते वापरावे. होडीत बसताना मात्र मापाचे, पट्टे आवळलेले लाइफ जॅकेटच हवे.

बुडणारे मूल ओरडत नाही

फ्रँक पिया या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने १९७०च्या दशकात समुद्रावर बुडणाऱ्या माणसांचे चित्रीकरण करून दाखवले की बुडणारा सहसा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. त्याचे तोंड क्षणभर वर येते, तेवढ्यात श्वासच जेमतेम घेता येतो, हाकेला हवा उरत नाही. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी दाबत राहतात. शरीर उभे, डोके मागे, नजर हरवलेली. ही धडपड २० ते ६० सेकंद चालते, लहान मुलाची त्याहूनही कमी. पाठमोरे बसलेल्या माणसाला शेजारीच काय चालले आहे ते कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतला जवळपास प्रत्येक चौथा जीव पाच वर्षांखालचा होता. पोहता न येणाऱ्या मुलाजवळ मोठे माणूस हाताच्या अंतरावरच हवे, आणि पोहता येणाऱ्या मुलावरही नजर हवी. सहलीला किंवा लग्नघरी दहा मोठी माणसे पाण्याजवळ असतात, तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसरे कोणीतरी बघते आहे. नाव घेऊन एकाला नेमा, मोबाइल दुसऱ्याकडे द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदला.

आपल्या भोवतालचे पाणी

तलावात पोहणारे मूल विहिरीत, नदीत किंवा समुद्रात सुरक्षित असतेच असे नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि गावोगावी शेततळी झाली. अनेक तळ्यांच्या उतरत्या बाजूंवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरले की मोठ्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, पाय घसरत राहतो आणि दमून माणूस बुडतो. शेततळ्याला कुंपण हवेच. शिवाय चारही बाजूंना वरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर हवेत. खर्च थोडा आहे आणि जीव वाचतो.

वाळू उपसलेल्या नदीपात्रात गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खड्ड्यात पडू शकते. समुद्राचे पाणी खारट असल्याने त्यात तरंगणे थोडे सोपे जाते, पण परतणाऱ्या लाटांचा ओढा माणसाला आत नेतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल-पिवळ्या निशाणांमधल्या भागातच उतरावे आणि नुसते लाल निशाण असेल तिथे उतरूच नये. पावसाळ्यात मुलांना समुद्रात नेऊ नये.

> थोडक्यात
> • क्रम: श्वास, तरंगणे, उभे राहणे, वळून काठ गाठणे, मग पोहणे.
> • घाबरलास तर: हात पाण्यात, कान पाण्यात, तोंड आकाशाकडे.
> • ढकलू नये, फसवून सोडू नये.
> • बादली, टब रिकामे करून पालथे ठेवावेत. पिंप आणि हौद झाकावेत.
> • पाण्याजवळ नेमलेले एक मोठे माणूस, त्याच्या हातात मोबाइल नाही.
> • बुडणाऱ्याकडे उडी मारू नये. काठी, दोर, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन पुढे करावा आणि मोठ्याने मदत बोलवावी.

वेळ आलीच तर

बुडणाऱ्याला वाचवायला भावंड उडी मारते आणि दोघेही जातात, हे पुन्हा पुन्हा घडते. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरून वर चढू बघतो. म्हणून मुलांना आणि मोठ्यांनाही काठावरूनच मदत करायला शिकवावे.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले वर येऊन फुप्फुसांत शिरते. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. मूल श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला कोणाला तरी सांगावे आणि लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करावी. त्यानंतर छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. हे वाचून जमत नाही, जाणकाराकडून हाताने करून शिकावे लागते.

बांगलादेशाने या प्रश्नावर दोन बाजूंनी काम केले आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘आंचल’ नावाची पाळणाघरे सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात चालवली जातात, कारण आया कामात असताना मुले तळ्याकडे जातात. शाळकरी मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव बांधून पोहायला आणि इतरांना वाचवायला शिकवले जाते. लहानांवर नजर आणि मोठ्यांना कौशल्य, ही विभागणी आपल्याकडेही जमण्यासारखी आहे. अंगणवाड्या आपल्याकडे आहेत, शाळा आहेत, विहिरीत पोहून तयार झालेली जाणती माणसेही प्रत्येक गावात आहेत. ग्रामपंचायतीने आणि शाळेने त्यांना एकत्र बोलवावे आणि पालकांनी या उन्हाळ्यात मुलाबरोबर स्वतःही उथळ पाण्यात उतरावे. ज्यांना पोहता येत नाही अशा आईवडिलांनी मुलांच्या शेजारी उभे राहून शिकायला सुरुवात करावी. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही आणि त्याचा उपयोग आयुष्यभर होतो.